आठ हजार एकोणीस सामने

१ जून २०१२ च्या संध्याकाळी न्यूयॉर्क मेट्स हा बेसबॉल संघ सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध सिटी फील्डवर उतरला, तेव्हा नियमित हंगामातले ८,०१९ सामने त्याच्या खात्यावर जमा होते. १९६२ साली सुरू झालेल्या या संघाचा तो एक्कावन्नावा हंगाम. दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकून झालेली, चारदा नॅशनल लीगचं अजिंक्यपद मिळालेलं. टॉम सीव्हर, नोलन रायन, जेरी कूझमन, ड्वाइट गूडन, डेव्हिड कोन असे पिचर या संघाच्या गणवेशात खेळून गेलेले. आणि एवढ्या सामन्यांत, एवढ्या माणसांपैकी एकालाही नो-हिटर टाकता आलेला नव्हता.

नो-हिटर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अख्ख्या सामन्यात, म्हणजे सहसा नऊ इनिंगांत, एकही हिट न देणं. बॅटरनं चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाची चूक नसताना, पहिल्या बेसवर सुखरूप पोचणं म्हणजे हिट. चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले म्हणून तो चालत बेसवर गेला, तर त्याला वॉक म्हणतात. वॉकनं किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीनं कोणी बेसवर गेलं, तरी नो-हिटर शाबूत राहतो. सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस बाद झाले, कोणत्याही वाटेनं कोणी बेसवर गेलं नाही, तर तो परफेक्ट गेम.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे बापू नाडकर्णी आठवणं साहजिक आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून फक्त ५ धावा दिल्या. त्यातली २१ षटकं सलग निर्धाव होती, आणि ओळीनं १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. अचूकतेचा तो कळस होता. पण नाडकर्णींसमोरच्या फलंदाजाला चेंडू नुसता अडवून उभं राहण्याची मुभा होती. बेसबॉलच्या बॅटरला ती नाही. तिसऱ्या स्ट्राइकला तो बाद होतो, म्हणून त्याला बॅट फिरवावीच लागते. आणि चेंडू मैदानाच्या हद्दीत पडला की त्याला पळावंच लागतं. त्यामुळे बॅटला लागलेला प्रत्येक चेंडू निकालाला येतो, आणि तो निकाल पिचरच्या हातात फारसा नसतो. नो-हिटर एका माणसाच्या नावावर लिहिला जातो. प्रत्यक्षात तो क्षेत्ररक्षक, पंच, स्कोअरर, मॅनेजर, संघाचे मालक आणि निव्वळ योग या सगळ्यांनी मिळून घडवलेला असतो. मेट्सच्या इतिहासाइतकं हे दुसरीकडे कुठे स्वच्छ दिसत नाही, असं मला वाटतं.

संघाच्या जन्मापासूनच ही गोष्ट उलट्या बाजूनं त्यांच्या वाट्याला आली. डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले. त्यांची पोकळी भरायला मेट्स आले, आणि पहिल्या वर्षी ४० सामने जिंकून १२० हरले. त्याच वर्षी ३० जूनला लॉस एंजेलिसमध्ये सँडी कोफॅक्सनं त्यांच्याविरुद्ध आयुष्यातला पहिला नो-हिटर टाकला. पहिल्या इनिंगमध्ये त्यानं नऊ चेंडूंत तीन बॅटर बाद केले होते. दोन वर्षांनी, २१ जून १९६४ ला, घरच्या नव्याकोऱ्या शे स्टेडियमवर फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगनं मेट्सना परफेक्ट गेम टाकला. त्या दिवशी फादर्स डे होता, आणि बनिंगला तेव्हाच सात मुलं होती. नो-हिटर चालू असताना डगआउटमध्ये त्याचा उच्चार करायचा नाही, पिचरशी बोलायचंही नाही, ही जुनी प्रथा. बनिंगनं ती मोडली. तो सहकाऱ्यांशी मोकळेपणानं बोलत राहिला. पुढे हाच बनिंग केंटकीतून अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला.

त्यानंतर मेट्सविरुद्ध नो-हिटर टाकणारे बॉब मूस (१९६९), बिल स्टोनमन (१९७२), एड हलिकी (१९७५) आणि डॅरिल काइल (१९९३). यातला मूसचा सामना लक्षात ठेवण्यासारखा आहे. २० सप्टेंबर १९६९ ला त्यानं मेट्सना एकही हिट दिला नाही. चारच दिवसांनी मेट्सनी आपल्या विभागाचं विजेतेपद पक्कं केलं आणि महिन्याभरात वर्ल्ड सिरीज जिंकली. एखाद्या रात्री नो-हिटर खाणं आणि चांगला संघ असणं या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

त्याच १९६९ च्या उन्हाळ्यात मेट्स स्वतः सर्वांत जवळ पोचले होते. ९ जुलैला शे स्टेडियमवर शिकागो कब्जविरुद्ध टॉम सीव्हरनं पहिले २५ बॅटर ओळीनं बाद केले. नववी इनिंग, एक बाद, परफेक्ट गेमला दोन बॅटर बाकी. समोर आला जिमी क्वाल्स, नवखा सेंटर फील्डर. त्यानं डावीकडच्या मोकळ्या जागेत साधा सिंगल मारला. क्वाल्सची मेजर लीगमधली सगळी कारकीर्द शंभर सामन्यांचीही नाही. पण न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव आजही घेतलं जातं, आणि ते कधीच प्रेमानं घेतलं जात नाही.

सीव्हरच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडलं. ४ जुलै १९७२ ला सॅन डिएगोच्या लेरॉन लीनं नवव्या इनिंगमध्येच, एक बाद असताना, त्याचा नो-हिटर मोडला. २४ सप्टेंबर १९७५ ला शिकागोत जो वॉलिसनं दोन बाद असताना तेच केलं. आणि वॉलिस बाद झाला असता तरी त्या दिवशी सामना तिथे संपला नसता, कारण मेट्सनीही धाव केलेली नव्हती. सामना शून्य-शून्यवर अडलेला होता, तो अकराव्या इनिंगमध्ये गेला आणि मेट्स ०-१ नं हरले. पिचरनं आपलं काम बिनचूक केलं तरी त्याच्या संघानं एक धाव काढावी लागते, ही साधी अट विसरली जाते. मेट्ससाठी सीव्हरनं पाच वन-हिटर, म्हणजे एकच हिट दिलेले सामने, टाकले. नो-हिटर एकही नाही.

मग १५ जून १९७७ ची रात्र. पगाराच्या वादातून संघाचे अध्यक्ष एम. डोनाल्ड ग्रँट यांच्याशी सीव्हरचं बिनसलं आणि मेट्सनी आपला सर्वांत मोठा खेळाडू सिनसिनाटी रेड्सना देऊन टाकला. त्या दिवसाला बरोबर एक वर्ष आणि एक दिवस झाला, तेव्हा १६ जून १९७८ ला सीव्हरनं रेड्सच्या गणवेशात सेंट लुइसविरुद्ध नो-हिटर टाकला.

ही एकाच माणसाची गोष्ट असती तर हळहळून सोडून दिली असती. नोलन रायनला मेट्सनी डिसेंबर १९७१ मध्ये जिम फ्रेगोसीच्या बदल्यात एंजल्सकडे पाठवलं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. वेग अफाट, चेंडूवर ताबा नाही, अशी त्याची ख्याती. पुढे त्यानं सात नो-हिटर टाकले. इतके आजवर कोणी टाकलेले नाहीत. कोफॅक्सचे चार आहेत. रायनचा सातवा १९९१ मधला, वयाच्या ४४ व्या वर्षी. माइक स्कॉट मेट्समध्ये चमकला नाही. ह्यूस्टनला गेला, आणि सप्टेंबर १९८६ मध्ये ज्या सामन्यानं ह्यूस्टननं विभाग जिंकला त्याच सामन्यात त्यानं नो-हिटर टाकला. ड्वाइट गूडननं १९८५ मध्ये, विशीत, मेट्ससाठी २४ सामने जिंकले आणि फक्त ४ हरला. व्यसनामुळे त्याला १९९५ चा सगळा हंगाम बंदी होती. १४ मे १९९६ ला त्यानं नो-हिटर टाकला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, यांकीजसाठी. वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी व्हायची होती. डेव्हिड कोननं १८ जुलै १९९९ ला परफेक्ट गेम टाकला, तोही यांकीजसाठी. हिदेओ नोमो १९९८ मध्ये थोडा काळ मेट्समध्ये होता: आधी डॉजर्ससाठी एक नो-हिटर, नंतर रेड सॉक्ससाठी दुसरा.

सातवं नाव फिलिप हंबर. मेट्सनी २००४ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला हा पिचर २००८ मध्ये एका मोठ्या व्यवहारात मिनेसोटाकडे गेला. तिथून फिरत फिरत शिकागो व्हाइट सॉक्सकडे आला, आणि २१ एप्रिल २०१२ ला सिॲटलमध्ये त्यानं परफेक्ट गेम टाकला. मेट्स सोडल्यावर या सात जणांनी एकट्याच्या बळावर टाकलेले नो-हिटर मोजले तर तेरा होतात. ज्या व्यवहारात हंबर गेला, त्यात मेट्सकडे कोण आलं होतं? योहान सांताना. त्याच्याकडे वळण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा.

हा शाप होता का? न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं तसं बोललं जाई: रायनला घालवलं म्हणून, सीव्हरला घालवलं म्हणून. मला ते पटत नाही. पाच दशकं संघाच्या मागे लागलेल्या माणसाला तसं का वाटतं हे मात्र कळतं. साधा हिशेब मांडून पाहा. १८७६ पासून मेजर लीगमध्ये नोंदलेले नो-हिटर तीनशेच्या पुढे आहेत, आणि सामने दोन लाखांच्या बरेच पुढे. एका सामन्यात दोन संघ टाकतात, म्हणजे ढोबळमानानं एका संघाला दीड हजार सामन्यांमागे एक नो-हिटर मिळायला हवा. आठ हजार सामन्यांत मेट्सना पाच मिळणं रास्त होतं. एकही न मिळण्याची शक्यता याच हिशेबानं दोनशेत एक इतकी निघते. दुर्मीळ खरी, पण तीस संघांच्या खेळात दीडशे वर्षांत अशी पाळी कुणावर तरी यायचीच. आणि दुसरी बाजू पाहा. १ जून २०१२ पर्यंत मेट्सविरुद्ध टाकले गेलेले नो-हिटर होते सहा. म्हणजे मिळालेल्या माराचा आकडा जवळपास हिशेबाबरहुकूम, आणि मिळालेल्या आनंदाचा शून्य. शाप असता तर दोन्हीकडे दिसला असता.

योगाचा वाटा इतका मोठा का असतो, याचं उत्तर बेसबॉलला उशिरा मिळालं. व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकानं २००१ मध्ये दाखवून दिलं की बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूचा हिट होतो की नाही, यावर पिचरचं नियंत्रण लोक समजत होते त्यापेक्षा फारच कमी असतं. पुढे त्या मांडणीत दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. असे दहा चेंडू मैदानात आले तर साधारण तीन चेंडूंचे हिट होतात, पिचर थोर असो की सुमार. पिचरच्या हातात उरतो तो स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मैदानात येऊच न देणं. रायननं जुलै १९७३ च्या नो-हिटरमध्ये १७ जण असे बाद केले. उरले दहा, ते दहाही क्षेत्ररक्षकांच्या हातात जाण्याची शक्यता पस्तिसात एक. सांतानानं ८ जण बाद केले. उरले एकोणीस. शक्यता हजारात एकाच्या आसपास. रायनला सात मिळाले याचं मर्म त्याच्या ५,७१४ स्ट्राइकआउटमध्ये आहे. ज्यांना एखादाच मिळाला, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पाठीशी त्या रात्री आठ माणसं आणि बरंचसं दैव होतं.

मेट्सच्या हुकलेल्या संधींची यादी या नजरेनं पाहिली की तिच्यातला कडवटपणा कमी होतो. जून २०१२ पर्यंत त्यांच्या नावावर ३५ वन-हिटर होते. पस्तीस वेळा एका चेंडूचा फरक! २९ सप्टेंबर २००७ ला जॉन मेननं फ्लोरिडाविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत काही दिलं नव्हतं. मग पॉल हूवर या राखीव कॅचरच्या बॅटला चाटून चेंडू तिसऱ्या बेसच्या वाटेनं गडगडत गेला आणि तो आटोक्यात येईपर्यंत हूवर पहिल्या बेसवर पोचला होता. १३ ऑगस्ट २०१० ला आर. ए. डिकीनं फिलाडेल्फियाला एकच हिट दिला, आणि तो मारणारा होता समोरचा पिचर कोल हॅमल्स! ज्याच्या हातात बॅट तेव्हा केवळ नियमापुरती असायची, अशा माणसाचा फटका.

आता १ जून २०१२. व्हेनेझुएलाचा डावखुरा योहान सांताना, सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा दोनदा मानकरी, मेट्सकडे सहा वर्षांसाठी १३ कोटी ७५ लाख डॉलरच्या कराराने आला होता. सप्टेंबर २०१० मध्ये खांद्याच्या सांध्याचं पुढचं आवरण फाटलं म्हणून शस्त्रक्रिया झाली, आणि २०११ चा अख्खा हंगाम गेला. अशा शस्त्रक्रियेनंतर मेजर लीगच्या पातळीवर पुन्हा उभे राहिलेले पिचर फार थोडे आहेत. त्यामुळे त्याच्या चेंडूंवर मर्यादा होती. एकशेदहा-पंधराच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असा मॅनेजर टेरी कॉलिन्स यांचा बेत होता.

समोर कार्डिनल्स, आदल्या वर्षीचे विश्वविजेते. त्यांचा पिचर ॲडम वेनराइट, कॅचर याडियर मोलिना, आणि त्यांच्या बाजूनं खेळणारा कार्लोस बेल्ट्रान. ही तीन नावं मेट्सच्या चाहत्याला एकत्र ऐकवत नाहीत. ऑक्टोबर २००६ मध्ये नॅशनल लीगच्या अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात, शे स्टेडियमवर, नवव्या इनिंगमध्ये मोलिनानं होम रन मारून मेट्सना मागे टाकलं होतं. आणि त्याच इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना, मेट्सचा बेल्ट्रान वेनराइटच्या चेंडूकडे बघत बाद झाला होता. आता बेल्ट्रान पाहुण्या संघातून सिटी फील्डवर परतला होता.

सहाव्या इनिंगमध्ये त्यानं तिसऱ्या बेसवरून सणसणीत फटका मारला. चेंडू बेसच्या पलीकडे पडला आणि तिसऱ्या बेसचे पंच एड्रियन जॉन्सन यांनी फाउल दिला. चित्रफितीत चुन्याच्या रेषेवर चेंडूची खूण स्पष्ट दिसत होती. तो हिट होता. त्या काळी चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय होम रनपुरतीच होती. ती बाकीच्या निर्णयांना लागू झाली २०१४ मध्ये. बेल्ट्रान पुढे त्याच खेळीत बाद झाला.

या फटक्यामुळे तो नो-हिटर खोटा ठरतो, असं म्हणणारे आजही आहेत. मला तसं वाटत नाही. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी, २ जून २०१० ला, डेट्रॉइटच्या आर्मांडो गॅलारागाचा परफेक्ट गेम पंच जिम जॉइस यांच्या एका चुकीच्या निर्णयानं शेवटच्या बॅटरला गेला. जॉइस यांनी सामन्यानंतर चूक डोळ्यांत पाणी आणून कबूल केली. तरीही गॅलारागाचा परफेक्ट गेम आजही नोंदलेला नाही. पंचाची चूक नुकसान करते तेव्हा ती इतिहासात कायम राहते, तर लाभ देते तेव्हाही राहायला हवी. फाउल दिलेल्या चेंडूला आपण मागाहून हिट ठरवू लागलो, तर मेट्सच्या पस्तीस वन-हिटरमधलेही किती जण न्याय मागायला उभे राहतील!

सातव्या इनिंगमध्ये मोलिनानं डावीकडे खोल फटका मारला. लेफ्ट फील्डर माइक बॅक्स्टर पाठमोरा धावला, चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला आणि त्याच वेगात भिंतीवर आदळला. चेंडू सुटला नाही. बॅक्स्टर जन्मानं क्वीन्सचा, याच मैदानाच्या आसपास वाढलेला, मेट्सचा चाहता म्हणून मोठा झालेला. त्याच्या कॉलरबोनचा सांधा सरकला, बरगडीजवळची कूर्चा मोडली. तो मैदानाबाहेर गेला आणि जवळपास दोन महिने खेळू शकला नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे एक झेल आहे, इतकंच. माझ्या दृष्टीनं त्या रात्रीचा अर्धा नो-हिटर त्याचा आहे.

सांतानाचे चेंडू वाढत चालले होते. पाच वॉक दिल्यानं नववी इनिंग येईपर्यंत मर्यादा ओलांडली गेली. कॉलिन्स यांनी त्याला बाहेर काढलं नाही. या प्रसंगाच्या अगदी उलट बाजूचा एक प्रसंग मेट्सच्याच इतिहासात आहे. २१ जुलै १९७० ला सॅन डिएगोच्या क्ले कर्बीनं मेट्सना आठ इनिंगांत एकही हिट दिला नव्हता, पण त्याचा संघ ०-१ नं मागे होता. मॅनेजर प्रेस्टन गोमेझ यांनी धावेच्या आशेनं कर्बीच्या जागी दुसरा बॅटर पाठवला. धाव आली नाही, नवा पिचर आला, त्यानं नवव्या इनिंगमध्ये हिट दिले आणि सामनाही गेला. सॅन डिएगोच्या प्रेक्षकांनी गोमेझ यांना माफ केलं नाही, पण गोमेझ यांनी १९७४ मध्ये ह्यूस्टनच्या डॉन विल्सनबाबतही तेच केलं. त्यांच्या लेखी सामना जिंकणं आधी, नोंदवही नंतर. सॅन डिएगोच्या या पाद्रेज संघाला पहिला नो-हिटर मिळायला ९ एप्रिल २०२१ उजाडावं लागलं. तो टाकणारा जो मसग्रोव्ह सॅन डिएगोच्याच परिसरातला मुलगा होता.

कॉलिन्स यांच्यापुढचा पेच गोमेझ यांच्यापेक्षा अवघड होता. मेट्स ८-० नं पुढे होते, सामन्याला धोका नव्हता. धोका होता तो फक्त एका खांद्याला. काढलं असतं तर पन्नास वर्षं थांबलेलं शहर त्यांच्यावर उलटलं असतं, आणि सांताना स्वतः चेंडू द्यायला तयार नव्हता. नवव्या इनिंगमध्ये दोन झेल गेले. मग आदल्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी डेव्हिड फ्रीझ, तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि १३४ वा चेंडू: सांतानाचा लाडका, हळू येऊन खाली जाणारा चेंजअप. फ्रीझची बॅट त्याच्यावरून फिरली. ८,०२० व्या सामन्यात शून्य संपलं. सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसलेल्या कॉलिन्स यांच्या बोलण्यात आनंदापेक्षा त्या खांद्याची काळजी जास्त होती.

काळजी खरी ठरली. त्यानंतर सांतानानं मेजर लीगमध्ये आणखी फक्त दहा सामन्यांत सुरुवात केली, आणि त्यांत दर नऊ इनिंगांमागे त्यानं दिलेल्या धावांची सरासरी आठच्या वर गेली. ऑगस्टमध्ये हंगाम थांबला. २०१३ च्या वसंतात त्याच खांद्याचं तेच आवरण पुन्हा फाटलं. नंतर दोन संघांबरोबर परतण्याचा प्रयत्न झाला, पण तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच चेंडू टाकू शकला नाही. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात पाच टक्क्यांचा उंबरठा न गाठल्यानं त्याचं नाव पहिल्याच वर्षी यादीतून गेलं. १३४ चेंडूंनी खांदा मोडला, असं सरळ म्हणता येत नाही. मधल्या काळात घोट्याची दुखापत झाली, पाठ धरली, आणि तो खांदा आधीच एकदा फाटलेला होता. पण किंमत कुणी मोजली, याबद्दल शंका नाही. प्रेक्षकांनी मागितलं, सांतानानं दिलं. कॉलिन्स यांनी त्याला थांबवायला हवं होतं का? मी त्यांच्या जागी असतो तर थांबवलं नसतं, आणि झोपही लागली नसती.

सांतानाच्या नो-हिटरच्याच महिन्यात, जून २०१२ मध्ये, डिकीनं लागोपाठच्या दोन सामन्यांत वन-हिटर टाकले. पहिल्या सामन्यातला एकमेव हिट पहिल्याच इनिंगमध्ये तिसऱ्या बेसजवळ गेला होता. तो हिट नव्हे, आपल्याच डेव्हिड राइटची चूक होती, असं म्हणत मेट्सनी लीगकडे दाद मागितली. स्वतःच्या खेळाडूच्या माथी चूक मारून घ्यायला संघ तयार होता! लीगनं ती फेटाळली. नो-हिटर ठरवणारा माणूस पत्रकारांच्या कक्षात पेन्सिल घेऊन बसलेला असतो, हे विसरू नये. १९९१ मध्ये तर मेजर लीगच्या समितीनं व्याख्याच बदलली: किमान नऊ इनिंग आणि सामना संपेपर्यंत हिट नाही, तरच नो-हिटर. पावसानं आटोपलेले आणि जादा इनिंगमध्ये मोडलेले पन्नासेक जुने नो-हिटर त्या दिवशी यादीतून उडाले.

२०१५ मध्ये मेट्सची पिचिंग मेजर लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी होती, आणि त्याच वर्षी त्यांना घरच्या मैदानावर दोनदा नो-हिटर खावा लागला: जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिस हेस्टनकडून, ३ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरकडून. शर्झरनं १७ जण स्ट्राइकआउट केले, एकही वॉक दिला नाही. त्याचा परफेक्ट गेम हुकला तो त्याच्याच क्षेत्ररक्षकाच्या एका चुकीच्या फेकीमुळे. तीन-चार आठवड्यांत मेट्स वर्ल्ड सिरीज खेळत होते.

आणि मग २९ एप्रिल २०२२. तोपर्यंत खेळ बदललेला होता. पिचरनं सगळा सामना स्वतः टाकणं जवळजवळ संपलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉला सात परफेक्ट इनिंगांनंतर, ८० चेंडूंवर, मॅनेजरनं काढून घेतलं होतं. सिटी फील्डवर फिलाडेल्फियाविरुद्ध मेट्सच्या टायलर मगिलनं पाच इनिंग टाकल्या. मग ड्रू स्मिथ, जोएली रॉड्रिगेझ, सेथ लूगो आणि शेवटी एडविन डियाझ. डियाझनं नवव्या इनिंगमध्ये ब्राइस हार्पर, निक कॅस्टेलानोस आणि जे. टी. रिअलम्यूटो या तिघांना स्ट्राइकआउट केलं. पाच जणांचे मिळून १५९ चेंडू, सहा वॉक, मेट्स ३-० नं विजयी. मेट्सचा दुसरा नो-हिटर.

पाच जणांत वाटलेला नो-हिटर हा नो-हिटरच नव्हे, असं अनेक जुन्या चाहत्यांचं मत आहे. सातव्या-आठव्या इनिंगपासून एकाच माणसाकडे बघत श्वास रोखून बसणं त्यात नसतं, हे खरं. सांतानाच्या रात्रीशी त्याची बरोबरी मीही करणार नाही. पण तिसऱ्या इनिंगमध्ये सेंटर फील्डर ब्रँडन निमोनं सूर मारून पकडलेला झेल पाहिला, की बॅक्स्टर आठवतो. फरक इतकाच की या वेळी पिचरांनीही ओझं आपसात वाटून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचही जणांचे खांदे जागेवर होते.

ज्या फिलाडेल्फियाला मेट्सनी त्या रात्री रोखलं, तोच संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला. तिथे २ नोव्हेंबरला, चौथ्या सामन्यात, ह्यूस्टनच्या चार पिचरांनी मिळून त्यांना पुन्हा एकही हिट दिला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये १९५६ च्या डॉन लार्सननंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या चौघांत आठवी इनिंग टाकणारा रफाएल मॉन्टेरो हा मेट्सनी घडवलेला आणि मेट्सकडूनच २०१४ मध्ये मेजर लीगमध्ये आलेला पिचर होता.